हरित विजेचा एकमेव ग्राहक

माणूस मुळात उदार असतो. फक्त औदार्य दाखवण्याची वेळ आणि पैसे मोजण्याची वेळ एकच येऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागते. आमच्या वीज मंडळानं ती घेतली होती, म्हणूनच मंडळाची पाहणी यशस्वी झाली.

पाहणीत प्रश्न एकच होता. ऊन आणि वारा यांपासून तयार झालेली स्वच्छ वीज मिळणार असेल, तर आपण बिलात थोडी जादा रक्कम द्याल का? प्रश्न विचारायला हसतमुख मुली नेमल्या होत्या आणि तो शक्यतो जिन्यात, शेजाऱ्यांच्या देखत विचारावा अशी लेखी सूचना होती. शंभरातल्या एक्याण्णव घरांनी 'हो' म्हटलं. कित्येकांनी 'हो, हो, अवश्य' म्हटलं. पण 'अवश्य'साठी फॉर्मवर चौकोन नसल्यामुळे त्यांच्या उत्साहाची नोंद होऊ शकली नाही. एका गृहस्थांनी तर "पृथ्वीसाठी एवढंही करायचं नाही म्हणजे काय!" असं म्हणून विचारणाऱ्या मुलीलाच झापलं. उरलेल्या नऊ टक्क्यांत घाईत असलेले, साबण विकायला आली आहे असं समजून दार लावून घेणारे, आणि ज्यांचं दार चार वर्षांच्या पोरानं उघडलं असे लोक होते. "नाही बुवा, परवडणार नाही," असं सरळ सांगणारा एकच इसम निघाला. त्याचं उत्तर संख्याशास्त्राच्या नियमांनुसार 'अपवादात्मक' ठरवून वगळण्यात आलं.

एवढा भक्कम पाया मिळाल्यावर मंडळानं हरित वीज कक्ष स्थापन केला. कक्षात साहेब, मी (वरिष्ठ लिपिक, कनिष्ठ कुणी नाही), संगणकावरच्या बाई आणि ड्रायव्हर अशी चार माणसं, हिरवा गालिचा, हिरवे पडदे आणि ग्राहकांची रांग लागेल म्हणून बाहेर सहा बाकडी. प्रत्येक घराला बिलासोबत अर्ज पाठवला. सही करायची आणि अर्ज परत करायचा. जादा आकार पुढच्या बिलापासून आपोआप लागू.

एक अर्ज परत आला. एक टक्का नव्हे, एक अर्ज.

साहेब खचले नाहीत. त्यांनी होकार दिलेल्यांना फोन करायला सांगितलं. लोक फार छान बोलले. नवऱ्यांनी सांगितलं की असले निर्णय आमच्या घरात ही घेते. बायकांनी सांगितलं की पैशाचं सगळं आमचे हे बघतात. (हे दोन्ही फोन पुष्कळदा एकाच घरात लागले.) कुणाच्या घरी रंगकाम चाललं होतं. कुणी म्हणालं, जावई येऊन जाऊ देत. मुलीला झापणाऱ्या गृहस्थांनी आम्ही तत्त्वतः तयार आहोत असं सांगून फोन ठेवला. एका बाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं, "घरी पाहुणे आले तर त्यांना कळतं का हो, आमची वीज हिरवी आहे ते?" मी म्हटलं, नाही, दिवा तसाच दिसतो. "मग काय उपयोग?" त्या म्हणाल्या, आणि कक्षाच्या आयुष्यातलं सगळ्यात प्रामाणिक संभाषण तिथं संपलं.

आम्ही चौघांनी अर्ज का भरला नाही, असं लेखापरीक्षकांनी पुढे खवचटपणे विचारलं. उत्तर उघड आहे. न्हावी स्वतःची हजामत दुसऱ्याकडून करून घेतो. आम्ही त्या दुसऱ्याची वाट पाहत होतो.

तर, तो एक अर्ज. तो होता चष्मेवाल्या काकांचा. बाजारातल्या वळणावर त्यांचं चष्म्याचं दुकान आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर. घरात काका आणि काकू, दोघंच. अख्ख्या गावाचे डोळे काकांनी तपासलेले आणि अख्ख्या गावाला त्यांची चिक्कू वृत्ती माहीत. चष्मा पुसायचं कापड ते गिऱ्हाइकाला देत नसत. सदऱ्याचं टोक दाखवत. त्यामुळे जादा पैसे द्यायला तयार झालेला एकमेव माणूस हा, हे वाचून साहेबांना वाटलं अर्ज खोटा आहे. खात्री करायला आणि खरा निघाल्यास सत्कार करायला साहेब, बाई आणि मी गुच्छ घेऊन गेलो.

संध्याकाळची वेळ होती. घरात एक बल्ब होता आणि तोही स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या दारात टांगलेला, म्हणजे दोन्हीकडे निम्मा निम्मा. फ्रिज होता, पण तो बंद. त्यात चष्म्यांच्या जुन्या फ्रेमा नंबरवार लावलेल्या होत्या. काकूंनी चहा आणला. साहेबांचा चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडला.

"लक्ष कुठे असतं तुझं?" काका करवादले. "दोन वर्षं झाली, हिचं हे असंच चाललंय."

काकूंनी पदरानं चाचपडत बशी पुसली आणि आत गेल्या.

साहेबांनी घसा साफ करून विचारलं, "काका, आपण हा अर्ज भरलात, त्यामागची प्रेरणा काय?"

"प्रेरणा कसली? ती पाहणीवाली मुलगी दुकानात आली होती, चष्म्याची दांडी बसवून घ्यायला. तिनं विचारलं, द्याल का? मी हो म्हटलं. मग कागद आला, सही केली."

"पण का?"

"हो म्हटलं होतं ना!" काका आमच्याकडे असे बघायला लागले, जणू आमच्या तिघांचेही नंबर वाढलेत. "मी पैसा जपून वापरतो, तसा शब्दही जपून वापरतो. उगाच कशाला हो म्हणू?"

कार्यालयात आल्यावर या भेटीचा अहवाल लिहिताना अडचण आली. अर्ज भरण्याच्या कारणांची आमच्याकडे छापील यादी होती: पर्यावरणप्रेम, सामाजिक प्रतिष्ठा, मुलांचा आग्रह, चुकून. काकांचं कारण यादीत नव्हतं. ते आम्ही 'चुकून'मध्ये घातलं.

खरी अडचण पुढेच होती. नियमावलीत एक कलम होतं, की तिमाहीत हरित विजेचा खप नऊशे युनिटांच्या खाली गेल्यास योजना गुंडाळून कक्ष बरखास्त करावा. चाळीस हजार घरं गृहीत धरून हे कलम लिहिलेलं. ते कधी कुणाला लागू होईल असं लिहिणाऱ्यालाही वाटलं नसेल. काकांच्या घरी तीन महिन्यांत मिळून शंभर युनिटंसुद्धा जळत नव्हती. म्हणजे स्वच्छ विजेचा एकच ग्राहक, आणि तोच वीज वापरत नाही!

साहेबांनी परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार केला. (मुलीचं लग्न ठरलेलं होतं, तीही एक बाजू.) आणि आम्ही पुन्हा काकांकडे गेलो.

"काका, वीज जरा सढळ हातानं वापरत जा," साहेब म्हणाले.

"का?"

"पर्यावरणासाठी."

काकांनी चष्मा काढून पुसला, सदऱ्याच्या टोकानं. "म्हणजे मी जास्त जाळली की हवा जास्त स्वच्छ होणार?"

"अगदी बरोबर. आपण जेवढी वापराल तेवढी स्वच्छ वीज आम्हाला कुठंतरी तयार करावी लागणार. आपण दिवा बंद केलात की तिकडे एक पवनचक्की उदास होते."

पवनचक्कीपेक्षा काकांना पटली ती पुढची गोष्ट. साहेबांनी सांगितलं की वापरायची उपकरणं मंडळ फुकट देईल आणि नेहमीपेक्षा जास्त युनिटांचं बिल मंडळच भरेल. काकांनी फक्त जादा आकार आपल्या खिशातून द्यायचा, कारण तोच आमचा प्राण होता. फुकट या शब्दाला काकांकडेही औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. गिझर, ओव्हन, कपडे धुण्याचं यंत्र, दोन हीटर, हवा गार करणारं यंत्र (हीटरमुळे खोली तापली तर), आणि माणसाच्या उंचीचा एक प्रखर दिवा, जो एरवी छायाचित्रकार वापरतात. तिमाहीचा आकडा गाठायचा म्हणून रोज संध्याकाळी जाऊन सगळी बटणं दाबायची आणि मीटरचा आकडा आणायचा, हे काम माझ्याकडे आलं.

इथं एक प्रशासकीय गुंतागुंत सांगितली पाहिजे. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात, मंडळाचा ऊर्जा बचत कक्ष आहे. काकांना तिथून मागच्याच वर्षी 'आदर्श काटकसरी ग्राहक' म्हणून प्रमाणपत्र मिळालेलं. त्यांच्या विजेचा खप दहापटीनं वाढल्याचं पाहून त्या कक्षाचा माणूसही रोज संध्याकाळी काकांकडे यायला लागला. मी लावून यायचो, तो बंद करून यायचा. जिन्यात आम्ही एकमेकांना नमस्कार करत असू. चांगला माणूस होता. पुढे आम्ही वेळा वाटून घेतल्या.

आणि मग तो मंगळवार आला. मी नेहमीप्रमाणे गेलो, छायाचित्रकारांचा दिवा लावला. काका कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. काकू चहा घेऊन आल्या आणि नेमक्या दिव्यासमोर उभ्या राहिल्या. एवढ्या उजेडात त्यांनी डोळे मिटलेसुद्धा नाहीत.

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"इकडे बघ."

"काय झालं? सांडला का?"

"बघ तर खरं माझ्याकडे."

काकूंनी पाहिलं, काकांच्या कानाच्या थोडं बाजूला. काका उठले, त्यांची हनुवटी बोटानं वर केली, आणि बराच वेळ बघत राहिले. ट्रे माझ्या हातात कधी आला ते मला कळलं नाही.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," काका म्हणाले. "पिकलाय. तुला दिसत नव्हतं तर बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, घरात अंधार आहे."

काका खुर्चीत बसले. नंतर कुणाला उद्देशून नाही, असेच म्हणाले, "गावाचे डोळे तपासतो मी." त्या संध्याकाळी ऊर्जा बचतवाला आला तेव्हा त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

या प्रसंगाची नोंद साहेबांनी वार्षिक अहवालात 'योजनेचे आरोग्यविषयक लाभ (एक)' या मथळ्याखाली केली.

काकूंचं ऑपरेशन आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं असं झालं. काका दुकान बंद ठेवून दवाखान्यात बसून राहिले. त्या काळात घरी दिवे आम्हीच लावत होतो आणि तिमाहीचा आकडा दिमाखात पार झाला. साहेबांनी पेढ्यांऐवजी (मधुमेह) बिस्किटं वाटली. दरम्यान इमारतीतले शेजारी आपला वाटा उचलायला पुढे सरसावले होते. त्यांनी फाटकावर 'हरित ऊर्जा इमारत' असा फलक लावला. इमारत एक, वायर एक, मग वीजही एकच, हा त्यांचा तर्क शास्त्रशुद्ध होता. फलक लागल्यावर तळमजल्यावरच्या भाडेकरूचं भाडं वाढलं.

पट्टी निघाल्यानंतर काकूंना वाचायचा नाद लागला. दोन वर्षांचा उपास होता. त्यांनी औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचली, भांड्यांवरची नावं वाचली, जिन्यातल्या सगळ्या पाट्या वाचल्या, काकांच्या चेहऱ्याकडे बघून "किती म्हातारे झालात हो!" असं म्हणून घेतलं, आणि मग विजेचं बिल वाचलं.

मी गेलो तेव्हा त्या बिल घेऊन दारातच उभ्या होत्या.

"भाऊ, हा हरित आकार म्हणजे काय?"

मी समजावून सांगितलं.

"आणि ही स्वच्छ वीज वेगळ्या वायरनं येते?"

"नाही काकू. सगळी एकत्रच येते."

"म्हणजे शेजारणीकडे जाते तीच?"

"तीच."

"ती पैसे देते?"

"नाही. पण ती तत्त्वतः तयार आहे."

काकूंनी मान हलवली, चपला घातल्या आणि शेजारणीची बेल वाजवली. मी आपला आकडा लिहून घेत होतो, म्हणून मला ऐकू आलं. "वहिनी, स्वच्छ हवेचे पैसे आम्ही एकटेच भरतोय. तुम्ही तुमची खिडकी लावून घ्या बघू." शेजारीणबाई हसल्या, काकू हसत नाहीत हे बघून थांबल्या. त्या संध्याकाळी काकू पाचही मजले फिरल्या. लोकांनी त्यांना बसवलं, डोळ्यांची चौकशी केली, काकांचं तोंड भरून कौतुक केलं आणि काकांचा इमारतीतर्फे सत्कार करायचं ठरवलं, कारण शाल एकदाच घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बोलावलं म्हणून साहेब स्वतः आले. काकू खुर्चीत बसल्या होत्या, काका शेजारी उभे.

"मीटर माझ्या नावावर आहे," काकूंनी सुरुवात केली. "घर माझ्या वडिलांचं. यांची सही चालत नाही. बिलाखाली बारीक अक्षरांत तुमचा नियम छापलाय, अर्ज मीटरधारकानंच भरावा. तुम्ही वाचलं नाहीत का?"

नियमावली साहेबांनीच लिहिली होती, त्यामुळे वाचायचा प्रश्न आला नव्हता. त्यांनी बिल हातात घेऊन ती ओळ आता वाचली. याचा अर्थ असा, की चार माणसांचा, एका गाडीचा आणि सहा बाकड्यांचा कक्ष वर्षभर शून्य ग्राहकांची सेवा करत होता.

"काकू, आता काय करायचं?"

"करायचं काय? द्या तो कागद." काकूंनी चष्मा न लावता अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली. "यांनी हो म्हटलंय. घरातल्या माणसाचा शब्द मी कशाला पाडू? जादा पैसे मिळतील तुम्हाला. पण हे तुमचं सामान घेऊन जा. दोन माणसांना दोन हीटर! लाज नाही वाटत?"

"सगळं नेऊ?" साहेबांनी विचारलं. "निदान गिझर तरी ठेवा."

"या उकाड्यात?"

"संस्थेसाठी, काकू."

काकूंनी साहेबांकडे नीट पाहिलं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं, हीच आमची अडचण होती.

"एक दिवा ठेवते," त्या म्हणाल्या. "साधा. खुर्चीजवळ." आणि काका, ज्यांनी उभ्या आयुष्यात आपण होऊन बटण दाबलं नव्हतं, ते स्वतः जाऊन बाजारातून एक दिवा विकत घेऊन आले. हल्ली काकू त्या खोलीत यायच्या आधी ते तो लावून ठेवतात. त्या उठल्या की बंद करतात. दुकानात पुसायचं कापडही द्यायला लागलेत असं ऐकतो. पण यावर माझा विश्वास नाही.

पुढच्या तिमाहीत हरित विजेचा खप एकशे बारा युनिटं भरला. बरखास्तीच्या प्रस्तावात वरिष्ठांनी कारण नमूद केलं आहे: 'सदर ग्राहकाने वीज वाया घालवण्यास नकार दिल्यामुळे स्वच्छ विजेची योजना चालू ठेवणे शक्य नाही.' समोरच्या कक्षानं काकूंना प्रमाणपत्र दिलं. ते त्यांनी वाचलं आणि त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवून परत केलं.

साहेबांनी वर रदबदली करून कक्षासाठी एक तिमाही मागून घेतली आहे. तेवढ्यात आणखी काही घरं मिळाली तर आमच्या चार चुली पेटत्या राहतील. म्हणून मी सध्या कोरे अर्ज घेऊन दारोदार फिरतो. बूट झिजले, पण अनुभव मोलाचा आहे. बेल वाजवल्यावर घर कसं श्वास रोखून धरतं, टीव्हीचा आवाज कसा टप्प्याटप्प्यानं लहान होतो, 'श्श!' हा उच्चार किती भाषांत सारखा आहे, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

परवा दुपारी मी आपल्याकडेही येऊन गेलो. हो, आपल्याकडेच. दोनदा बेल वाजवली. आतून आपणच म्हणालात, "घरी कोणी नाहीये!" मी वाद घातला नाही. आपलं मीटर बाहेर भिंतीवर आहे. त्यातला लाल ठिपका धाप लागल्यासारखा लुकलुकत होता, आणि दाराच्या फटीतून माझ्या पायांवर छान गार झुळूक येत होती. उन्हातून आलेलो, म्हणून दोन मिनिटं तिथंच उभा राहिलो आणि निघालो. कोणी नसलेल्या घराला एवढं उकडतं कसं, असं मी विचारलं नाही. सभ्यपणासाठी आम्ही जादा आकार लावत नाही.